विचारा की! हार्मोन, पावडरीचे डबे आणि लपवलेल्या गोळ्या

मागच्या अंकात तालमीतल्या आणि जिममधल्या पोरांसाठी प्रोटीन पावडरवर लिहिलं होतं, त्यात शेवटी एक ओळ होती की ज्यांची हार्मोन ट्रीटमेंट चालू आहे त्यांनी कुठलाही डबा उघडायच्या आधी विचारून घ्यावं. बस्स, तेवढीच. खरं त्या ओळीवर बेळगाव, खानापूर, निपाणी, पार सौंदत्तीकडून ट्रान्स वाचकांची (जन्मावेळी मुलगा की मुलगी म्हणून जे लिहिलं गेलं त्यापेक्षा ज्यांची स्वतःची ओळख वेगळी आहे त्यांची) इतकी पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज आले की यावेळचं सदर त्यांनाच देऊन टाकलंय. नावं छापलेली नाहीत आणि ओळख पटेल असं जे काही होतं ते बदललंय.

मी आहारतज्ज्ञ, डॉक्टर नव्हे, त्यामुळे इंजेक्शन किती घ्यायचं, हार्मोनची कुठली गोळी चालू करायची हे इथं मिळणार नाही. पत्रं वाचताना एक कळलं, यातलं कुणीच हे डबे हौसेखातर घेत नाहीये. कुणाला खांदे भरलेले हवेत, कुणाला चेहरा मऊ हवाय, कुणाला केस वाचवायचेत, कुणाला रात्री झोप पाहिजे, आणि बऱ्याच जणांना डॉक्टरपुढं बसून सगळं सांगायचं टाळायचंय, कारण पावडरचा डबा 'तू बाई की पुरुष' असं विचारत नाही. म्हणून मी प्रत्येकाला उलट एकच विचारलं, हे घेऊन तुम्हाला नेमकं काय व्हायला पाहिजे? उत्तरं त्या हिशेबानं दिलीत.

प्रश्न: ताई, मी ट्रान्समॅन, वय २६, उद्यमबागला फौंड्रीत कामाला आहे. दीड वर्ष झालं टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन चालू आहे, डॉक्टर हुबळीचे. जिमला जाऊलालोय, ट्रेनरनं सांगितलं म्हणून व्हे प्रोटीन आणि क्रिएटिन घेऊलालोय, केस गळायला लागले म्हणून बायोटिन दहा हजारवालं, आणि आई रोज सकाळी लोहाची गोळी हातावर ठेवते कारण मला पहिल्यापासून रक्त कमी. आता रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन १.४ आलंय, हिमोग्लोबिन १७.८ आणि टेस्टोस्टेरॉन लै जास्त. घरचे म्हणतात किडनी गेली, इंजेक्शन बंद कर. ट्रेनर म्हणतो अजून एक टेस्टो बूस्टर घे. इंजेक्शन मी बंद करणार नाही ते नक्की. खरं मग बंद काय करू? अंग भरायला पाहिजे, शर्ट घातल्यावर कुणी दोनदा वळून बघू नये एवढंच पाहिजे.

उत्तर: आधी हा अंक घरच्यांना वाचायला द्या. क्रिएटिनिनच्या एका आकड्यावरून किडनी गेली असं ठरत नसतंय. तुम्ही पावडर म्हणून जे क्रिएटिन घेता त्याचंच शरीरात क्रिएटिनिन होतं आणि ते लघवीवाटे बाहेर पडतं, म्हणजे किडनी ठणठणीत असली तरी आकडा वर जातो. शिवाय दीड वर्षाच्या इंजेक्शननं आणि व्यायामानं स्नायू वाढलेत, त्यानंही तो थोडा वर जातो. तुम्ही पाठवलेला रिपोर्टचा फोटो मी मोठा करून बघितला, वर 'सेक्स'च्या पुढं 'एफ' छापलंय, म्हणजे लॅबच्या कॉम्प्युटरनं तुमचा आकडा बायकांच्या मर्यादेशी लावून बघितला आणि ठळक अक्षरात 'हाय' मारून मोकळा झाला. टेस्टोस्टेरॉन घेऊन वर्ष उलटलेल्या माणसाचं क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिन पुरुषांच्या मर्यादेशी लावून बघणं जास्त बरोबर असतं. तरीपण १.४ हा पुरुषांच्या हिशेबानंही जरा वरच आहे, त्यामुळे 'ताईंनी काही नाही म्हटलंय' असं करून सोडून द्यायचं नाही. क्रिएटिन काही आठवडे पूर्ण बंद ठेवा, परत टेस्ट करा, लघवीतलं प्रोटीन बघून घ्या आणि 'सिस्टॅटिन सी' नावाची टेस्ट करता येईल का ते डॉक्टरांना विचारा, ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते. किडनी बरी निघाली तर मग रोज ३ ते ५ ग्रॅम क्रिएटिन परत चालू करायचं की नाही ते त्यांच्याशी बोलून ठरवा.

आता बायोटिन. दहा हजारवालं म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम, आणि माणसाची रोजची गरज ३० ते ४० मायक्रोग्रॅमची! जास्तीचं लघवीतून निघून जातं, त्यामुळे तुम्हाला काही होत नाही, घोळ होतो तो टेस्टमध्ये. बऱ्याच लॅबच्या हार्मोन किटमध्येच बायोटिन वापरलेलं असतं, रक्तात त्याची गर्दी झाली की मशीन फसतं आणि टेस्टोस्टेरॉन, इस्ट्राडिओल (बायकी हार्मोन) खोटंच जास्त दिसू शकतं, थायरॉइडच्या टेस्टमधलं टीएसएच खोटंच कमी. हार्ट अटॅक ओळखायची ट्रोपोनिन टेस्टसुद्धा फसू शकते, अमेरिकेच्या एफडीएनं २०१७ मध्ये आणि परत २०१९ मध्ये यावर इशारा दिलाय. तुमचं 'लै जास्त' टेस्टोस्टेरॉन त्यातलंच असू शकतं, किंवा इंजेक्शननंतर लगेच दोन-चार दिवसांत रक्त दिलं असेल तरी ते वरच दिसणार. कारण कुठलंही असो, खोट्या आकड्यावर डॉक्टरांनी तुमचा डोस कमी केला तर भोगायचं तुम्हाला. रक्त द्यायच्या निदान तीन दिवस आधी बायोटिन बंद, आणि इंजेक्शन कुठल्या तारखेला घेतलं ते चिठ्ठीवर लिहून द्यायचं. केसांचं म्हणाल तर टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचं दुसरं हार्मोन बनतं, ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांचे केस त्यानं जातात, तिथं बायोटिनचा काही उपयोग नाही. ते स्किनच्या डॉक्टरचं काम आहे.

लोहाच्या गोळीचं जरा मनावर घ्या, माझ्या मते तुमच्या रिपोर्टमधली काळजीची गोष्ट हीच आहे. पाळी चालू होती, अंगावर जास्त जात होतं, तेव्हा आईची गोळी बरोबर होती. आता पाळी बंद आहे आणि टेस्टोस्टेरॉन स्वतःच लाल पेशी वाढवतं. १७.८ हिमोग्लोबिनला अजून लोह कशाला? रिपोर्टमध्ये 'हिमॅटोक्रिट' किंवा 'पीसीव्ही' अशी ओळ असते, ती ५४ टक्क्यांच्या वर गेली की रक्त घट्ट व्हायला लागतं आणि डॉक्टर इंजेक्शनचा डोस किंवा दिवस बदलतात. भट्टीजवळ दिवसभर घाम गाळून पाणी कमी पीत असाल तर हा आकडा अजून फुगतो, सिगारेटनं पण. गोळी आजपासून बंद, लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिन टेस्ट करा, आणि पाण्याची बाटली मशीनच्या शेजारी ठेवा. आईला वाईट वाटू देऊ नका हां, तिची काळजी खरी आहे, फक्त ती जुन्या रिपोर्टवर चाललीय.

बूस्टरबद्दल तर मला हसावं की रडावं कळेना. ही सगळी गोखरू, मेथी, झिंकवाली कॅप्सूल 'वृषणांना जास्त टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतो' असा दावा करून विकली जाते. ज्याच्या अंगात वृषणं नाहीत आणि हार्मोन बाहेरून येतंय त्याच्यात बूस्ट काय करणार? ट्रेनरनं एवढा विचार केलेला नसतो, त्याला डब्यामागं कमिशन असतं. आणि काही असल्या डब्यांत लेबलवर न लिहिता स्टिरॉइड घातलेलं सापडलंय. तोंडानं घ्यायची ती स्टिरॉइडं लिव्हरला मारक, कोलेस्टेरॉल बिघडवतात, आणि तुमच्या इंजेक्शनवर अजून एक इंजेक्शन चढवल्यासारखं होतं ते वेगळंच. डब्यावर एफएसएसएआयचा १४ आकडी लायसन नंबर नसेल, नुसतं चकचकीत स्टिकर असेल तर फुकट दिला तरी घेऊ नका.

व्हे प्रोटीन चालतंय की. तुमचं वजन ६२ किलो लिहिलंय, वेट ट्रेनिंग करणाऱ्याला किलोमागं साधारण १.६ ग्रॅम धरलं तर रोज शंभर ग्रॅमच्या आसपास प्रोटीन झालं. चार अंडी २४, दोन ग्लास दूध १६, तीन ज्वारीच्या भाकरी १५, दोन वाट्या मटकीची उसळ १५, पन्नास ग्रॅम शेंगदाणे १२, हे झालं ८२. वर एक स्कूप टाकला की काम झालं, ट्रेनर सांगतो तसे तीन स्कूप नकोत. अडीच-तीन हजाराचा डबा महिनाभर पुरायच्या ऐवजी दहा दिवसांत संपतो आणि मग पगार कुठं गेला म्हणून घरात परत भांडण.

प्रश्न: मॅडम, मी ट्रान्सवुमन, निपाणीजवळच्या गावची, शिवणकाम करते. घरी कुणाला माहीत नाही. शतावरी पावडर दुधातून घेते, मेथीच्या कॅप्सूल घेते, आणि ऑनलाइन एक फिगरच्या कॅप्सूल मागवल्यात, थायलंडचा कंद आहे असं लिहिलंय. नैसर्गिक आहे म्हणून घेतलं, आठ महिने झाले, फरक काही नाही. आता माझी मैत्रीण म्हणते ते सगळं सोड आणि गर्भनिरोधक गोळ्या रोज तीन घे, ती घेते. मी बिडी ओढते, खोटं कशाला सांगू. डॉक्टरकडे जायचं तर तिथं ओपीडीत नाव पुकारतात पुरुषाचं, सगळे वळून बघतात.

उत्तर: खरं सांगितलंत ते बरं केलंत, विशेषतः बिडीचं. मैत्रिणीचा सल्ला ऐकू नका, आणि तिलाही हे वाचून दाखवा.

गर्भनिरोधक गोळीत बहुतेक वेळा इथिनिल इस्ट्राडिओल नावाचं कृत्रिम बायकी हार्मोन असतं. ते रक्तात गुठळ्या व्हायचा धोका वाढवतं, एक गोळी घेणाऱ्या बायकांमध्ये थोडा, तीन-तीन घेतल्या तर अजून, आणि वर विडी-सिगारेट असली तर विचारू नका. म्हणूनच ट्रान्सवुमनच्या ट्रीटमेंटसाठी जगभरचे डॉक्टर ते वापरत नाहीत, एन्डोक्राइन सोसायटी या हार्मोनच्या डॉक्टरांच्या संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेतही ते टाळायलाच सांगितलंय, साधं इस्ट्राडिओल गोळीतून, जेलमधून किंवा पट्टीतून देतात आणि रक्त तपासत राहतात. दुसरी गंमत अशी की या पाकिटात बऱ्याचदा लेव्होनॉर्जेस्ट्रेल नावाचं दुसरं औषध असतं आणि त्याचा थोडा गुण पुरुषी हार्मोनसारखाच असतो. म्हणजे जीव धोक्यात घालून वर उलटंच. मैत्रिणीला एका पायात अचानक सूज, पोटरीत दुखणं, छातीत दुखणं, दम लागणं, एका बाजूला हात-पाय लुळे पडणं यातलं काहीही झालं तर रात्र असो की सण, सरळ मोठ्या दवाखान्यात न्या आणि गोळ्या घेत होती हे तिथं सांगा. लाजून लपवलं तर डॉक्टर भलत्याच दिशेनं शोधत बसतील.

तुमच्या शतावरी-मेथीनं छाती वाढते याला काही आधार नाही. भाजीतली मेथी, डाळीतली मेथी खुशाल खा, सोयाबीन पण खा, त्यानं काही बिघडत नाही आणि हार्मोनचं कामही होत नाही. मूळ अडचण अशी आहे की तुमच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन भरपूर बनतंय, कुठलीही पावडर ते खाली आणत नाही, आणि ते खाली आल्याशिवाय तुम्हाला हवा तो बदल होत नाही. आठ महिने फरक नाही ते यामुळं, तुमची चूक काही नाही. तो थायलंडचा कंद मात्र वेगळा. प्युरारिया मिरिफिका असेल तर त्यात इस्ट्रोजेनसारखं काम करणारी द्रव्यं खरोखर असतात, पण कुठल्या कॅप्सूलमध्ये किती हे कुणालाच सांगता येत नाही. उद्या डॉक्टरांनी मोजून इस्ट्राडिओल चालू केलं आणि तुम्ही हे पण चालूच ठेवलंत तर त्यांचा सगळा हिशेब चुकणार. ते बंद करा.

राहता राहिलं नाव पुकारायचं. तुमच्या भागातून कोल्हापूर जवळ, पण कर्नाटक सरकारची 'शक्ती' योजना ११ जून २०२३ पासून चालू आहे त्यात बायकांबरोबर ट्रान्सजेंडर व्यक्तींनाही राज्याच्या साध्या बसमध्ये तिकिटाला पैसे लागत नाहीत, तुमच्याकडे तसं ओळखपत्र असेल तर बेळगाव फुकटात होतं, कोल्हापूरला तिकीट काढावं लागतं, कारण राज्याबाहेर ती चालत नाही. जायच्या आधी फोन करून एवढंच विचारा, एन्डोक्रायनोलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचे डॉक्टर, आहेत का आणि हार्मोनसाठी ट्रान्स पेशंट बघतात का. पलीकडचा माणूस गोंधळला किंवा फिदीफिदी हसला तर तिथं जाऊ नका, दुसरा नंबर लावा. काउंटरवर चिठ्ठी देऊन 'आडनावानं बोलवा' असं सांगता येतं, आपल्याकडं तसंही निम्म्या लोकांना आडनावानंच बोलवतात. सरकारी दवाखान्यात फॉर्म कन्नडमध्ये असतात, वाचता येत नसेल तर कुणाला तरी बरोबर घ्या, पण शक्यतो त्या मैत्रिणीलाच घ्या, तिचीही तपासणी होऊ दे.

बिडी सोडल्याशिवाय बरेच डॉक्टर इस्ट्रोजेन द्यायला कचरतील. तंबाखूच्या गावात हे सांगणं सोपं आहे, करणं नाही, तरी आत्तापासून कमी करायला लागा.

प्रश्न: भाच्याकडून लिहून घेतेय. मी यल्लम्माची जोगती, साठीला आले. तरुणपणी पुण्याला होते तेव्हा निर्वाण (लिंग-वृषणं काढून टाकायचा विधी) झालं, हार्मोन वगैरे कधी घेतलं नाही. आता कंबर दुखते, मागच्या पावसात नुसती अंगणात घसरले तर मनगट मोडलं. मेडिकलवाल्यानं ताकदीची पावडर दिलीय, छोटं पाकीट, साठ हजार लिहिलंय. रोज एक दुधातून घेते. हल्ली तहान लै लागते, मळमळतं, पोट साफ होत नाही. पावडर बदलू का?

उत्तर: आजी, ते पाकीट आजच बंद करा. उद्यावर टाकू नका. ती ताकदीची पावडर नव्हे, व्हिटॅमिन डी आहे, ६०,००० युनिटचं, आणि ते साधारणपणे आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, मग डॉक्टर म्हणतील तसं महिन्यातून एकदा असं घ्यायचं असतंय. रोज घेतलं की रक्तात कॅल्शियम वाढतं, आणि तहान, मळमळ, बद्धकोष्ठ ही त्याचीच लक्षणं असू शकतात, पुढं किडनीला त्रास होतो. भाच्याला सांगून उद्याच्या उद्या दवाखान्यात रक्तातलं कॅल्शियम, व्हिटॅमिन डी आणि किडनीची तपासणी करून घ्या, रिकामं पाकीट बरोबर न्या. गुंगी, बडबड, उलट्या सुरू झाल्या तर रात्रीच जा.

हाडांचं कारण मात्र वेगळं आहे, आणि हे तुमच्या वयाच्या अनेकींना कुणी सांगितलेलंच नसतं. हाडं भक्कम राहायला पुरुषी किंवा बायकी, कुठलं तरी एक हार्मोन अंगात लागतंय. निर्वाणानंतर ते बनायचं थांबतं, बाहेरूनही घेतलं नाही तर हाडं वर्षानुवर्षं आतून पोकळ होत जातात. नुसतं घसरून मनगट मोडणं ही त्याचीच खूण असू शकते. कॅल्शियमची गोळी आणि डीची पाकिटं ती जागा भरून काढत नाहीत. हाडांची घनता बघायची 'डेक्सा' तपासणी असते, हाडांच्या डॉक्टरना 'माझं निर्वाण झालंय, इतकी वर्षं झाली, हार्मोन नाही' हे शब्द स्पष्ट सांगून ती करायला लावा, हाडांसाठी वेगळी औषधं आहेत. रक्ताचा रिपोर्ट नीट आल्यावर मग नाचणीची आंबील, दूध, तीळ सुरू करा, तोवर कॅल्शियमच्या गोळ्या पण नकोत.

प्रश्न: ट्रान्सवुमन आहे, डॉक्टरांनी पुरुषी हार्मोन दाबायला स्पायरोनोलॅक्टोन दिलंय. वजन आणि सूज कमी व्हावी म्हणून लो सोडियम मीठ आणि रोज दोन शहाळी चालू आहेत. चालतंय ना?

उत्तर: नाही चालत. स्पायरोनोलॅक्टोन शरीरात पोटॅशियम साठवून ठेवतं, लो सोडियम मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं आणि शहाळ्यात पण तेच. पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. साधं मीठ कमी खा, शहाळी बंद ठेवा आणि या आठवड्यात पोटॅशियमची टेस्ट करून घ्या.

प्रश्न: कॉलेजला आहे, टिळकवाडीत राहते. इस्ट्राडिओल आणि पुरुषी हार्मोन दाबणारं सायप्रोटेरोन चालू आहे. घरात रोज कटकट, झोप नाही. आजी अश्वगंधा दे म्हणते, आजीला माझं सगळं माहीत आहे आणि ती एकटीच माझ्या बाजूनं आहे.

उत्तर: आजीला माझा नमस्कार सांगा, पण अश्वगंधा नको. पुरुषांवरच्या काही छोट्या अभ्यासांत तिनं टेस्टोस्टेरॉन थोडं वाढलेलं दिसलंय, म्हणजे तुमच्या गोळ्यांच्या नेमकं उलट. लिव्हरला इजा झाल्याचीही उदाहरणं नोंदलेली आहेत, आणि सायप्रोटेरोनमध्ये लिव्हरवर लक्ष ठेवावंच लागतं, दोन्ही एकत्र कशाला? झोप जातेय ती घरातल्या कटकटीनं, त्याला जडीबुटी नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे, भाषा निवडता येते, रात्री पण उचलतात. आणि मूड फारच खाली गेला असेल तर तुमच्या हार्मोनच्या डॉक्टरना नक्की सांगा, सायप्रोटेरोननं काहींना तसं होतं. आजीकडून गरम दूध आणि डोक्याला तेल घ्या, त्याला माझी काही हरकत नाही.

प्रश्न: चिकोडीकडे माझं मेडिकल आहे. माझ्याकडे ट्रान्सजेंडर कस्टमर येतात, तीन-तीन पाकिटं गर्भनिरोधक गोळ्या मागतात, नाही म्हटलं तर समोरच्या दुकानात जातात. मी काय करावं असं तुम्हाला वाटतं?

उत्तर: तुम्ही विचारलंत हेच मला फार आवडलं. नुसतं 'नाही' म्हटलं तर ते समोरच्या दुकानात जाणारच, आणि तिथं कुणी काही विचारणार नाही. सगळ्या गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं बोलू नका, बाजूला या म्हणा आणि दोन गोष्टी विचारा, विडी-सिगारेट किंवा बीपी आहे का, आणि पाय सुजून दुखतो का. पाय दुखतो म्हणाले तर गोळी देऊ नका, तिथून थेट दवाखान्यात पाठवा. बाकीच्यांना सांगा की या गोळ्यांनी हवा तो बदल होत नाही आणि गुठळ्या होतात, ज्यानं होतो ते औषध वेगळं आहे आणि ते डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतं. जिल्ह्यातल्या ज्या डॉक्टरकडं ट्रान्स पेशंट नीट बघतात त्यांचा नंबर आणि ओपीडीचे वार एका कागदावर लिहून काउंटरखाली ठेवा, पाकिटाच्या ऐवजी तो कागद हातात द्या. आणि ते साठ हजारवालं पाकीट विकताना त्यावर पेनानं 'आठवड्यातून एकदा' असं मराठीत आणि कन्नडमध्ये लिहायची सवय लावून घ्या, सगळ्याच गिऱ्हाइकांसाठी.